टाक मॅन्युअलवर!

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्ब्राहम नावाचं गाव आहे. तिथल्या मिनेचॉग हायस्कूलचे दिवे ऑगस्ट २०२१ मध्ये लागले आणि लागलेच राहिले. एक नाताळ झाला, दुसरा झाला, उन्हाळी सुट्टी लागली, संपली, दिवे चालूच. दोनपाच नव्हे, सात हजारांच्या आसपास. इमारत २०१२ सालची, म्हणजे तशी कोवळी. वीज वाचावी म्हणून तिथले दिवे सॉफ्टवेअरच्या ताब्यात दिलेले. तो कारभार बघणारा सर्व्हर बसला. यंत्रणा बसली तर मुलं अंधारात चाचपडू नयेत, दिवे चालूच राहावेत, अशी खबरदारी मात्र आधीच घेतलेली होती. खबरदारी इतकी पक्की निघाली, की ती दीड वर्ष टिकली.

बंद करायचं बटण नव्हतं. यंत्रणा बसवणारी कंपनी मधल्या काळात या हातातून त्या हातात गेली होती, सुटे भाग करोनाच्या गोंधळात अडकले होते. शेवटी काही शिक्षकांनी वर्गातले दिवे हाताने उतरवले, बाहेरचे काही दिवे कर्मचाऱ्यांनी ब्रेकर पाडून बंद केले. २०२३ च्या सुरुवातीला एकदाची दुरुस्ती मार्गी लागली, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांनी गावाला दिलासा दिला: असं पुन्हा होऊ नये म्हणून या वेळी दूरवरून चालवता येणारा एक ओव्हरराइड स्विचही देणार आहोत.

दूरच्या बटणाने घोळ घातला. उतारा काय? आणखी एक दूरचं बटण.

हसू नका. बीकेसी, ऐरोली, खराडी, हिंजवडी, कुठल्याही काचेच्या इमारतीत शिरा आणि भिंतीवर दिव्याचं बटण शोधून दाखवा. पूर्वी ऑफिसात एसीचा रिमोट ॲडमिनच्या ड्रॉवरमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून ठेवलेला असे. ती हुकूमशाहीच होती, पण हुकूमशहा कुठे बसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्याशी गोड बोलून दोन अंश वर-खाली करून घेता येत. आता तापमान बेसमेंटमधल्या बीएमएस रूममध्ये ठरतं म्हणतात. तिथला पोरगा म्हणतो, माझ्याकडे फक्त बघायचं लॉगिन आहे, सेटिंग व्हेंडरकडे. व्हेंडरचा माणूस बंगळुरूला. तो म्हणतो, क्लायंटच्या हेड ऑफिसचा मेल हवा. हेड ऑफिस सिंगापूरला. तिथे कुणाला तरी थंडी वाजली, की हिंजवडीत घाम फुटतो.

बीएमएस म्हणजे इमारतीतला एसी, दिवे, पंप, जनरेटर वगैरे एका पडद्यावरून बघायची आणि हलवायची यंत्रणा. तिचं मला वावडं नाही. वीस मजल्यांवरचे पंखे रात्री दहाला बंद करायला माणूस जिना चढत फिरवणं हा काही पुरुषार्थ नव्हे. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, लावून पंख्याचा वेग पाचव्या हिश्शाने उतरवला, तर वीज जवळपास निम्मीच लागते. हे साधं गणित आहे आणि ते हाताने साधत नाही. गावोगावच्या एटीएमच्या पाट्या आणि एसी एका जागेवरून बंद होत असतील तर उत्तमच. तक्रार दुसरीच आहे. बटण खोलीतून उचललं तेव्हा खोलीतल्या माणसाचा हक्क गेला, पण बटण ज्याच्याकडे गेलं त्याच्याकडे जबाबदारी पोचली नाही. ती वाटेत कुठल्यातरी केबल ट्रेमध्ये अडकून पडली आहे.

हा खेळ जुना आहे. १८८३ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत होते. वर्गात उकडतंय की गारठतंय हे पाहायला शाळेचा शिपाई मधेच दार ढकलून आत यायचा आणि सरांची लय तोडायचा. सरांनी विजेचं एक यंत्र केलं: खोलीचं तापमान बदललं, की खाली भट्टीपाशी घंटा वाजेल. पेटंट घेतलं, दोन वर्षांनी कंपनी काढली. इमारती आपोआप चालवण्याच्या धंद्याची नांदी ती हीच. आता या गोष्टीतला शिपाई बघा. यंत्राने त्याची नोकरी खाल्ली नाही, फक्त त्याचं वर येणं बंद केलं. घंटा वाजली की झडप फिरवायला तळघरात तोच. आधी त्याला वर्गात नाकं पुसणारी पोरं दिसायची, आता घंटा ऐकू येते.

एकशेचाळीस वर्षं झाली. घंटेच्या जागी स्क्रीन आली. तळघर तेच आहे.

आणि स्क्रीनवर काय दिसतं? हिरवा पंखा. गोल गोल फिरणारा. प्रत्येक मजल्यावर एका बंद खोलीत एएचयू नावाचा पत्र्याचा मोठा खोका असतो. आत थंड पाण्याची कॉइल, मोटर, पट्टा, ब्लोअर. तिथून हवा तुमच्या डोक्यावर येते. बेसमेंटमधल्या पोराने ‘ऑन’वर क्लिक केलं, की डीडीसी कंट्रोलर, म्हणजे त्या खोक्याचा छोटा संगणक, एक छोटा रिले ओढतो, रिले पॅनेलमधला कॉन्टॅक्टर ओढतो, कॉन्टॅक्टर मोटरला वीज देतो, मोटर पट्टा फिरवते, पट्टा ब्लोअर फिरवतो, मग हवा. स्क्रीनवरचा तो हिरवा पंखा या साखळीतल्या कितव्या कडीवरून फिरतो, हा प्रश्न इमारत ताब्यात घेताना कुणीही विचारत नाही. विचारावा.

खरी पद्धत अशी, की ब्लोअरच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक मोजणारा स्विच बसवायचा. फरक दिसला म्हणजे हवा खरोखर वाहते आहे. पण त्याला नळ्या हव्यात, वायर हवी, पैसे हवेत. मग काम स्वस्तात घेतलेला कंत्राटदार कॉन्टॅक्टरच्याच एका जादा टोकावरून ‘चालू’ची खबर आणतो. म्हणजे पट्टा तुटून खाली पडला असला, मोटर एकटीच गरगरत असली, तरी स्क्रीनवर पंखा हिरवागार. त्याहून स्वस्तात घेतलेल्या कामात खबरच आणत नाहीत. स्क्रीन स्वतःच दिलेला हुकूम स्वतःलाच वाचून दाखवते आणि खूश होते. शासन निर्णय निघाला की रस्ता झाला, तसंच हे: ‘ऑन’ म्हटलं ना, मग थंडावा झालाच.

वर चौथ्या मजल्यावर बायका ओढणीने वारा घेत असतात. त्या फोन करतात. खालून उत्तर येतं, ‘मॅडम, सिस्टममध्ये तर सगळं ओके दिसतंय.’

या वाक्याला तोड नाही. सरकारी कचेरीतल्या ‘उद्या या’लाही ते मागे टाकतं, कारण ‘उद्या या’ म्हणणारा निदान तुम्हाला उकडतंय हे नाकारत नाही.

आता या कोटभर रुपयांच्या कारभाराला पुरून उरणारी वस्तू पाहू. ती एएचयूच्या पॅनेलवर असते. काळी, गोल, बोटात मावणारी मूठ. तीन जागा: ऑटो, ऑफ, मॅन्युअल. मूठ ऑटोवर असेल तर बीएमएसचं ऐकायचं. मॅन्युअलवर असेल तर पॅनेलवरचं हिरवं बटण दाबणाऱ्याचं. वरून सिंगापूर, बंगळुरू, क्लाउड, एआय, कुणीही काहीही हुकूम सोडो, मूठ मॅन्युअलवर आहे तोवर मोटर ढिम्म ऐकत नाही. आणि ही मूठ फिरवणारा माणूस म्हणजे इमारतीतला वायरमन. सगळे त्याला काका म्हणतात. देखभालीची एजन्सी दर दोनतीन वर्षांनी बदलते, तेव्हा काकांच्या शर्टाचा रंग बदलतो, खिशावरचं नाव बदलतं, पगार बहुधा बदलत नाही. इमारतीत कुठली वायर कुठे जाते हे मात्र त्यांनाच ठाऊक, कारण ड्रॉइंग पहिल्या एजन्सीने जाताना नेलेली असतात.

मूठ मॅन्युअलवर जाते कशी, त्याची कथा सगळीकडे सारखी. शनिवारी ट्रेनिंग. वेळापत्रकात सोमवार ते शुक्रवार. साठ माणसं बंद काचांच्या खोलीत, खिडकी उघडत नाही, कारण काचेच्या इमारतीत खिडकी ही संकल्पनाच बसत नाही. फॅसिलिटीला फोन. फॅसिलिटी म्हणते तिकीट टाका. तिकीट बंगळुरूला पोचतं, तिथे शनिवार. तोवर ट्रेनिंग द्यायला आलेल्या पाहुण्याचा शर्ट पाठीला चिकटलेला. मग कुणीतरी जुनाजाणता उठतो, जिन्याकडे जाऊन हाक मारतो, ‘काका, टाका ना मॅन्युअलवर!’ काका येतात, चावीने खोली उघडतात, मूठ फिरवतात. हवा येते. साठ माणसांचं टाळ्या वाजवण्याइतकं समाधान होतं, फक्त टाळ्या पाहुण्याला मिळतात.

सोमवारी मूठ परत ऑटोवर कोण टाकणार? काका? काकांना कोणी सांगितलं? सांगितलं असतं तरी काका टाकतीलच असं नाही. ऑटोवर टाकलं की शनिवारी परत जिना चढावा लागतो, आणि गुडघे त्यांचे आहेत. शिवाय ऑटोवर असताना बिघाड झाला तर ‘वायरमन काय करत होता?’, मॅन्युअलवर रात्रभर फुकट चालत राहिलं तर ते विचारायला कुणी येत नाही, कारण बिल भरणारा वेगळा, भाडं देणारा वेगळा, आणि मजल्यावर बसणारा तिसराच. या हिशेबाने मूठ मॅन्युअलवर राहणं हेच शहाणपणाचं. एएचयू रात्री चालतो, रविवारी चालतो, गणपतीच्या सुट्टीत रिकाम्या खुर्च्यांना गारवा देतो. बीएमएस रात्री दहाला इमानदारीने ‘ऑफ’चा हुकूम सोडते. हुकूम सुटला याची नोंद होते. महिनाअखेरीस त्या नोंदींवरून किती युनिट वाचली याचा रंगीत तक्ता निघतो, आणि तक्त्यासह फॅसिलिटी हेडचा फोटो कंपनीच्या अंकात येतो.

चांगल्या यंत्रणेत मूठ मॅन्युअलवर असली की स्क्रीनवर अलार्म येतो, हे खरं. पण अलार्म एकटा येत नाही. फिल्टर तुंबल्याचा, टाकीची पातळी खाली गेल्याचा, कुठल्यातरी सेन्सरने उणे चाळीस अंश दाखवल्याचा (वायर सुटली की सेन्सर पुण्यात सैबेरिया दाखवतात), असे सगळे लाल ओळीत उभे असतात. बेसमेंटमधला पोरगा बारा तासांच्या पाळीवर असतो. तो आल्या आल्या सगळे अलार्म निवडतो आणि एकदम ‘ॲक्नॉलेज’ करतो. मराठीत सांगायचं तर: पाहिलं, कळलं, पुढे.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बघायचंच लॉगिन दिलंय, तो बघतो.

खोलीतल्या माणसाला काहीतरी फिरवायला मिळालं की तो शांत बसतो, हेही धंद्याने केव्हाच ओळखलं आहे. भिंतीवरचा थर्मोस्टॅट बघा. त्याला आतून वायर जोडलेली असतेच असं नाही. २००३ साली एसी व्यवसायाच्या एका अमेरिकी नियतकालिकाने वाचकांना विचारलं, की तुम्ही कधी असा खोटा थर्मोस्टॅट बसवला आहे का? उत्तर दिलेल्या ७० जणांपैकी ५१ जणांनी हो म्हटलं. ही काही शास्त्रशुद्ध पाहणी नव्हे, पण कबुली म्हणून भरगच्च आहे. तक्रार करणाऱ्याने खुंटी फिरवायची, त्याला बरं वाटायचं, तापमान जिथल्या तिथे. लोकशाहीवर घसरण्याचा मोह होतोय. आवरतो.

दिव्यांचा प्रकार त्याहून भारी. छतात पांढरी चकती असते, ती माणसाच्या अंगची ऊब हलताना ओळखते. हलताना, हे महत्त्वाचं. ऊब आहे पण हालचाल नाही, म्हणजे तिच्या लेखी खोली रिकामी. संध्याकाळी एकटाच बसून आकडेमोड करणारा हिशेबनीस पंधरा मिनिटं निमूट विचार करत राहिला, की अंधार. मग त्याने दोन्ही हात वर करून हवेत हलवायचे. यंत्र समाधान पावतं. विचार करणारा माणूस गैरहजर आणि हातवारे करणारा हजर, हा निकष मीटिंग रूमसाठी बनवलेला असणार. स्वच्छतागृहातला अनुभव मी इथे लिहीत नाही. ज्यांना आला आहे त्यांना कळलं. अंधारात बसून दोन्ही हात हलवणाऱ्या माणसाइतकं यंत्रासमोर शरण गेलेलं कुणी नसेल.

गंमत म्हणजे आपल्या ऊर्जासंवर्धन इमारत संहितेत, ईसीबीसी म्हणतात ती, २०१७ च्या आवृत्तीत माणूस निघून गेल्यावर पंधरा मिनिटांत दिवे सेन्सरने मालवावेत असं आहे. पण त्याच ठिकाणी हेही आहे, की माणूस खोलीत असताना त्याला दिवा बंद करता यावा म्हणून भिंतीवर हाताचं बटण हवं. म्हणजे संहिता लिहिणाऱ्यांनाही माणूस आठवला होता. इंटिरिअर डिझायनरला तो भिंतीवर बरा दिसला नाही.

इथवर विसराळूपणा झाला. आता चोरांकडे वळू, कारण दूरचं बटण म्हटलं की ‘किती दूर’ हा प्रश्न येतोच.

इमारतीतली यंत्रं आपसांत ज्या भाषा बोलतात त्या जुन्या आहेत. मॉडबस १९७९ सालची. बॅकनेटचं काम १९८७ ला सुरू झालं, मानक १९९५ ला ठरलं. त्या काळी इमारतीची वायर इमारतीतच सुरू व्हायची आणि इमारतीतच संपायची, त्यामुळे ‘कोण बोलतंय?’ असं विचारायची पद्धत या भाषांच्या मूळ घडणीत नाही. कुणीही ‘पंखा बंद’ म्हणावं, पंखा बंद. वाड्यात दाराला कडी नसली तरी चालायचं, तसं तोवर हे ठीक होतं. पुढे सर्व्हिस इंजिनिअरला घरबसल्या बघता यावं म्हणून याच वायरी इंटरनेटला जोडल्या. सुरक्षित आवृत्त्या नंतर निघाल्या. पण जुन्या इमारतीत त्या कोण बसवणार? जुनं चालतंय ना?

हेसुस मोलिना नावाच्या सुरक्षातज्ज्ञाने चीनमधल्या शेन्झेनच्या सेंट रेजिस हॉटेलात मुक्काम केला. खोलीत आयपॅड. त्यावरून दिवे, टीव्ही, पडदे, तापमान. आयपॅड पाहुण्यांच्याच वायफायवर, भाषा केएनएक्स, परवलीचा शब्द वगैरे काही नाही. या गृहस्थांनी खोल्या बदलून मागितल्या, प्रत्येक खोलीचा पत्ता कसा बदलतो ते पाहिलं, हिशेब लावला. दोनशेहून जास्त खोल्यांचे दिवे-पडदे त्यांच्या हातात येऊ शकत होते. सज्जन माणूस, हॉटेलला कळवलं आणि २०१४ च्या ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत सांगितलं. आपल्याकडे असा पाहुणा आला असता, तर आधी खोली सारखी बदलतो म्हणून रिसेप्शनवर त्याच्याबद्दल काय काय बोललं गेलं असतं!

त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, सिडनीतल्या गूगलच्या ऑफिसची बीएमएस दोन संशोधकांनी बाहेरून उघडून दाखवली होती. जगाला शोध लावून देणाऱ्या कंपनीला आपल्या इमारतीचं हे दार उघडं आहे याचा शोध दुसऱ्यांनी लावून दिला.

पण माझा आवडता किस्सा जर्मनीचा. २०२१ साल, एक ऑफिस इमारत, तीच केएनएक्स. कुणीतरी इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या दारातून आत शिरलं आणि स्विच, हालचाल ओळखणारे सेन्सर, खिडक्यांचे पडदे अशी शेकडो उपकरणं पुसून काढून वर परवलीची किल्ली लावून टाकली. इमारतीतली पाऊण यंत्रं मूढ. ही किल्ली म्हणजे केएनएक्समध्ये उपकरणाला कुलूप घालायची मूळची सोय. मालकाने ती वापरलीच नव्हती, चोराने वापरली. सुरक्षेचा नियम पाळणारा त्या इमारतीत पहिला माणूस कोण, तर चोर. पुढे एका सुरक्षा कंपनीने उपकरणाच्या मेमरीतून ती किल्ली खोदून काढली. मधल्या काळात ऑफिसात दिवे कसे लावायचे? मुख्य ब्रेकर हाताने चढवून आणि पाडून. जर्मनीत, २०२१ साली. तिथल्या काकांचा तेवढ्या दिवसांपुरता काय मान वाढला असेल!

मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल. वीज जाऊन सगळं महानगर सकाळी ठप्प. लोकल उभ्या, शेअर बाजार मात्र चालू. काही महिन्यांनी राज्याचे गृहमंत्री म्हणाले, सायबर घातपाताचा संशय आहे. केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले, माणसाची चूक. दूरनियंत्रणाची ही एक मोठी सोय आहे: दिवे गेले की ते शत्रूने घालवले की साहेबांनी, यावर सवडीने वाद घालता येतो. हाताने मेन पाडली असती तर पाडणारा दिसला असता.

आपल्या इमारतींत परदेशी हॅकर लागतच नाही, ही गोष्ट वेगळी. बीएमएसच्या कॉम्प्युटरवर दूरून शिरायचं सॉफ्टवेअर कायमचं चालू, आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर. चिठ्ठी नीट वाचता यावी म्हणून वर सेलोटेप. रात्रपाळीचा पोरगा त्याच कॉम्प्युटरवर क्रिकेट बघतो, हा त्यातला कमी धोक्याचा भाग.

एक गोष्ट मात्र थट्टेत घालवायची नाही. जुने वायरमन कामाला चढण्याआधी त्या लाइनचा किटकॅट फ्यूज ओढून काढत आणि खिशात घालत. चिनी मातीचा तो पांढरा तुकडा खिशात आहे तोवर वीज येणार नाही, ही खात्री दुसऱ्या कुणावर अवलंबून नव्हती. अमेरिकेत याच पद्धतीचा १९८९ मध्ये रीतसर नियम झाला: स्विच बंद करायचा, आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याजवळ ठेवायची, पाटी अडकवायची. आता काका एएचयूच्या पोटात शिरून पट्टा बदलत आहेत, मूठ विसरून ऑटोवर राहिली आहे, आणि घड्याळात नऊ वाजले. वेळापत्रकाप्रमाणे हुकूम सुटणार. हुकूम सोडणाऱ्याला पत्र्याच्या खोक्यात हात घातलेला माणूस दिसत नाही. त्याच्या पडद्यावर फक्त एक करडा पंखा आहे, जो आता हिरवा व्हायचा आहे. हे टाळायला मोटरजवळ वीज तोडणारा आयसोलेटर लागतो, त्याला कुलपाची जागा लागते, आणि कुलूप काकांचं स्वतःचं लागतं. बीएमएसच्या निविदेत आयकॉनचे रंग कसे असावेत यावर मजकूर असतो. काकांच्या कुलपाबद्दल शोधा. कुलपाला लागतात फार तर शेपाचशे रुपये. तेही मंजूर होतील, पण तिकीट टाकावं लागेल.

इकडे बटण आणखी वर सरकतं आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित रूम एसी सुरू केला की आधी २४ अंशांवर यावा, असं सरकारने ठरवलं. नंतर बदलायची मुभा होती. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केलं, की नव्या नियमात एसी २० च्या खाली आणि २८ च्या वर जाणारच नाही. हेतू चांगला आहे, एक अंश वाढवला तर सहा टक्के वीज वाचते असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे. पण ज्या देशात साहेबाच्या केबिनमध्ये १६ अंश ही पदाची खूण आहे, तिथे २० ची अट ही पदावनतीच. साहेब काय करतील? काकांना बोलावतील.

आणि एवढं सगळं झाल्यावरही कायदा एका जागी हाताच्या बटणालाच चिकटून आहे. उंच इमारतीत तळमजल्यावर लिफ्टशेजारी काचेआड एक छोटा स्विच असतो. फायरमनचा. आग लागली की अग्निशमनचा जवान काच फोडतो, स्विच पाडतो, लिफ्ट खाली येते आणि त्याच्या ताब्यात जाते. लॉगिन नाही, ओटीपी नाही, सिंगापूरची मंजुरी नाही. धुरात चाचपडत सापडावा अशा जागी तो असायला हवा.

आमच्या ऑफिसच्या इमारतीत त्या स्विचसमोर एक मोठी कुंडी ठेवली आहे. आत प्लॅस्टिकचा बांबू. लॉबी हिरवी दिसावी म्हणून. कुंडी हलवा, असं मी फॅसिलिटीच्या मुलीला सांगितलं. ती गोड हसली आणि म्हणाली, ‘सर, ॲपवर रिक्वेस्ट टाकाल का प्लीज?’ टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर निरोप आला: तुमची तक्रार निवारण करून बंद करण्यात आली आहे, कृपया पाच तारे द्या. खाली हिरवी खूण होती.

कुंडी हलली नव्हती. मी बेसमेंटमध्ये जाऊन काकांना हाक मारली.

‘सरकवतो,’ काका म्हणाले. ‘पण सोमवारी फॅसिलिटीच्या मॅडम परत आणून ठेवतात. आज तिसऱ्यांदा सरकवतोय.’